लाल बेस आणि चाळीस वर्षांचा अनुभव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी हसलेलं मला चालत नाही.

चाळीस वर्षं मी सुरतेत कापडाच्या लूम्सच्या खात्यात मास्टर होतो. खातं म्हणजे कारखाना, इथं तसंच म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्यासमोर कारीगर शिंकायचा तोही तोंड फिरवून. बंद पडलेल्या लूमवर नुसता तळहात ठेवायचो आणि सांगायचो, इथं दुखतंय. पाना लावला की तिथंच दुखत असायचं. शेठ म्हणायचा, "मास्टर, तुम्ही डॉक्टर व्हायला पाहिजे होतं." मी म्हणायचो, "डॉक्टरचे पेशंट मरतात."

असा माणूस, म्हणजे मी, गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर एका लाल लाकडी वस्तूपुढं पुरता तोंडघशी पडलो! गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत अजून लोक मला बघून हवेत बोटांनी खुंटी पिळल्यासारखं करतात. लहान पोरं नाही हो, चांगली पन्नाशीची माणसं!

चहा घ्या. सगळं सांगतो.

आमची नात जागृती. वय एकवीस. कॉलेज करते आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. त्या शिकवण्यांच्या पैशातून तिनं एक दिवस खांद्याएवढी काळी पिशवी घरात आणली. मी खाटेवर बसलो होतो.

"हे काय?"

"बेस गिटार आहे, आप्पा."

"तारा किती?"

"चार."

"चारच? आमच्या लूमच्या एका बीमवर धाग्यांच्या हजारो तारा असायच्या. त्यातली एक तुटली तरी मला चार लूम पलीकडून कळायचं."

"ह्या तुटत नाहीत, आप्पा. जाड असतात."

"बघू."

कॉलेजातला कुणी पुढच्या वर्गातला कॅनडाला चालला होता, त्याच्याकडून तिनं तो घेतला होता. सगळ्यात स्वस्तातला. लाल रंग, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मी हात फिरवला. लाकूड वाईट नव्हतं. पण तसं बोललो नाही. पहिल्या दिवशी कशाचंच कौतुक करायचं नाही. मशीनचं नाही आणि कारीगराचंही नाही.

आता मध्ये एक खुलासा. आमच्या घरातले म्हणतात, मला ऐकू कमी येतं. हे खोटं आहे. लोक हळू बोलायला लागलेत. पूर्वी खात्यात शंभर लूम धडधडत असताना माणसं एकमेकांशी बोलायची. आता बंद खोलीत बोलतात आणि ऐकू जात नाही! डॉक्टर म्हणाला, कानाला मशीन लावा. मुलानं त्यासाठी पैसे बाजूलाही काढून ठेवले. मी म्हणालो, "मशीन मी दुरुस्त करतो. अंगावर घालत नाही."

विषय संपला. म्हणजे मी संपवला.

पण एक सांगतो. जागृतीनं पहिल्या दिवशी त्या बेसची वायर एका डब्यासारख्या स्पीकरला लावली. डबा माझ्या लोखंडी खाटेच्या पायाशी. तिनं तार छेडली. आणि काय झालं? आवाज खाटेतून माझ्या पाठीत आला! पाठीतून छातीत. दम्म... दम्म... दम्म. कुणी ओरडलं नाही, कुणी कानाशी तोंड आणलं नाही, आणि आवाज आपण होऊन माझ्यापर्यंत आला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

तेव्हापासून संध्याकाळी सातला माझी खाट रिकामी सोडायची नाही, हा नियम. ती वाजवायची, मी बसायचो. बोलायचं नाही. तासाभरानं ती जेवायला आत जायची आणि मग माझं काम सुरू व्हायचं. मऊ कापडानं बेस पुसायचा, तारांचा ताण सोडायचा, वायरचं नीट वेटोळं करायचं, वर जुनी चादर टाकायची. चांगलं मशीन चांगल्या हाताखाली राहिलं पाहिजे. पोरीला यातलं काही सांगितलं नाही. उपकार सांगून करायचे नसतात.

आणि मग आला हितेशभाई.

हितेशभाई म्हणजे आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्राचा मालक. स्वतः कीबोर्ड वाजवतो. नवरात्रात सोसायटीच्या मैदानात नऊ दिवस गरबा, वाजवायला हितेशभाईची पार्टी. त्यानं जागृतीला बेसवर घेतलं. आमच्या गल्लीतली पहिली मुलगी! आमच्या म्हातारीनं घरोघर पेढे वाटले. मी वाटले नाहीत. मी फक्त डबा धरून मागं उभा होतो.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम. मी पोरीबरोबर गेलो, दाराजवळ खुर्ची टाकून बसलो. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर हितेशभाईनं हात वर केला. सगळे थांबले.

"जागृती, बेन, सूर पाछो उतरी गयो."

"सर, सुरुवातीला तर लावला होता. मोबाइलवर बघून लावला."

"लावला होता, पण राहत नाही ना! बघ, दर वेळी असंच. अर्ध्या गाण्यात खाली बसतो."

तिनं परत लावला. परत दोन गाणी. परत बसला. तालमीनंतर हितेशभाई माझ्याजवळ आला. माणूस सज्जन. कानाशी येऊन मोठ्यानं बोलला, मला राग आला, पण सज्जन.

"दादा, पोरीचा हात सारो छे. पण वाजिंत्र हलकं आहे. गरब्यात गाणं थांबत नाही. एकातून दुसऱ्यात जायचं. मध्येच बेस उतरला तर हजार माणसांचे पाय चुकतात. नवरात्राच्या आधी नवीन घ्या. नाही जमलं तर कामरेजला एक जण आहे, भारी बेस आहे त्याच्याकडं, त्याला बोलवावं लागेल. मला पण वाईट वाटेल."

जागृती रडली नाही. तिनं वायरचं वेटोळं केलं, नीट, एकावर एक, शेवटचा फेरा आत खोचला, आणि पिशवीची चेन लावली. असं मन मोडलेलं असताना वायर नीट गुंडाळणारे कारीगर मी चाळीस वर्षांत दोनच पाहिले. मी तिथंच ठरवलं. ह्या पोरीची जागा जाऊ द्यायची नाही.

घरी आल्यावर मी घोषणा केली. "बेस बदलायचा की नाही, ते मी ठरवणार. आधी बिघाड शोधणार. बिघाड न शोधता मशीन बदलणारा मास्टर नसतो, गिऱ्हाईक असतो."

"तुमले काय कयस त्यानामां?" म्हातारी म्हणाली. ती घरात अजून अहिराणीच बोलते, विशेषतः मला त्यातलं काय कळतं, असा अपमान करायचा असेल तेव्हा.

"आवाजाचा बिघाड म्हणजे वीज," मी म्हणालो. "वायर आहे, स्पीकर आहे. वीज खाली-वर होते, म्हणून आवाज खाली-वर होतो."

"आप्पा, सुराचं विजेशी काही..." जागृती म्हणाली.

"तू हळू बोलतेस."

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्याला बोर्ड उघडायला लावला, अर्थिंग बघायला लावलं, प्लगपॉइंट बदलायला लावला. दिवसभर घरात वीज नाही. मुलगा हजिऱ्याच्या कंपनीतून पाळी करून घामाघूम आला, पंखा बंद. म्हातारी हातात काडेपेटी घेऊन माझ्यासमोर उभी.

"देवपान दिवा लावस. आते तुमना तोंडवर बी लावू का एखादा?"

संध्याकाळी वीज आली. बेस वाजला. झकास! मी मिशीवरून हात फिरवला. पोर जेवायला गेली. मी पुसलं, ताण सोडला, चादर टाकली. दुसऱ्या संध्याकाळी तिनं तार छेडली आणि कपाळाला हात लावला.

"आप्पा, परत उतरलाय."

वीज नाही तर मग काय? मी भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती! सापडलं! आमच्या खाली तळमजल्यावर रमणभाईची एम्ब्रॉयडरीची मशीन. लांबलचक, एकाच वेळी बारा ठिकाणी सुया चालतात. ती थरथर भिंतीतून बेसमध्ये जात असणार. मी तडक खाली.

"रमणभाई, तुमच्या मशीननं माझ्या नातीचा सूर उतरतो!"

"शुं वात करो छो, मास्टर? माझ्या मशीननं?"

"थरथर! मी चाळीस वर्षं थरथर ओळखतो. पाया सैल आहे तुमच्या मशीनचा. दोन दिवस बंद ठेवा, म्हणजे सिद्ध होईल."

"मास्टर, सण तोंडावर आहे. चनियाचोळीचं काम आहे हो!"

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

रमणभाईनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. कधीकाळी त्याच्या वडिलांचं खातं मीच उभं केलं होतं. त्यानं मान हलवली आणि मशीन बंद केली. दोन दिवस! ऐन सिझनमध्ये! वर त्याच्या बायकोनं मला खमण पाठवलं. बीपीचा त्रास होतो तुम्हाला, राग करू नका, असा निरोप.

दोन दिवस खाली मशीन गप्प. भिंत गप्प. आणि बेस? दोन्ही दिवस उतरलेला!

आता माझा पारा चढला. म्हणजे घरात येणारं कुणीतरी बेसला हात लावतं! शिकवणीला येणारी पोरं, शेजारच्या बायका, कुणीतरी येता-जाता खुंट्या पिळत असणार. खात्यात असंच व्हायचं. एखाद्या लूमला रोज तोच बिघाड आला की मी समजून जायचो, मशीनचा नाही, माणसाचा दोष आहे. मग मी त्या लूमशेजारी स्टूल टाकून बसायचो. एका पाळीत चोर सापडायचा.

शुक्रवारी सकाळी मी बेसशेजारी खुर्ची टाकली. आंघोळ उरकूनच बसलो. जेवण खुर्चीवर. चहा खुर्चीवर. शिकवणीची पोरं आली, त्यांना गॅलरीत बसवलं. शेजारीण साखर मागायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. म्हातारी झाडू घेऊन आली.

"उठा, केर काढू द्या."

"नाही."

"अवो, बेसना खाले धूळ शे!"

"धूळ राहू दे. पुरावा आहे."

संध्याकाळी जागृती आली, तिनं सूर लावला, तासभर वाजवलं. बेस सुरेख वाजत होता. मी विचारलं, "आत्ता बरोबर आहे?" म्हणाली, "एकदम बरोबर." ती जेवायला गेली. मी पुसलं, ताण सोडला, चादर टाकली, आणि बेस माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला... जानवं नाही आमच्यात, करगोट्याला बांधली.

शनिवारी सकाळी सगळ्यांना समोर बसवलं. कुलूप उघडलं. जागृतीनं तार छेडली.

उतरलेला.

मी देवाच्या फोटोकडं हात करून सांगितलं, "काल पोर जेवायला गेल्यापासून माझ्याशिवाय ह्या बेसला कुणीही हात लावलेला नाही. लिहून देतो!"

तुम्ही हसताय. मी आधीच सांगितलं होतं, मध्ये हसायचं नाही.

म्हातारी म्हणाली, "मंग कोन करस? भूत?"

"भूत नाही," मी म्हणालो. "माल खराब आहे. स्वस्तातला आहे, हितेशभाई म्हणतो ते खरं. बिघाड नसताना बिघडतं, त्याला हलका माल म्हणतात. बदलायचा! आणि माझ्या कानाच्या मशीनचे पैसे ठेवलेत ना, ते घाला त्यात."

जागृतीचे डोळे भरून आले. मुलगा म्हणाला, "आप्पा, तुमचा कान..."

"माझा कान ठीक आहे. पोरीचा बेस ठीक नाही."

खरं सांगू? त्यात थोडी माझी सोयही होती. ते मशीन टळलं म्हणून मी मनातल्या मनात खूष होतो. पण त्यागाचा चेहरा मला चांगला जमतो.

दुपारी जागृती आणि मी रिक्षानं शहरात गेलो. वाद्यांचं जुनं दुकान. पुढं नवी गिटारं टांगलेली, मागं एका टेबलावर मन्सूरभाई दुरुस्ती करत बसलेले. माझ्याच वयाचे. नाकावर चष्मा, बोटांत बारीक पाना. मला एकदम बरं वाटलं. पाना धरण्यावरून माणूस कळतो.

मी ऐटीत म्हणालो, "सबसे अच्छा बेस दिखाओ. यह पुराना वापस ले लो."

"पहले पुराना तो देखूँ, चाचा," मन्सूरभाई म्हणाले आणि त्यांनी आमचा लाल बेस मांडीवर घेतला. उलटा केला, दांड्यावरून एक डोळा मिटून बघितलं, खुंट्या एकेक फिरवून बघितल्या, तारा बोटांत धरून वाकवल्या. जशी मी लूम बघायचो तसंच. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं.

"यह तार रोज कौन ढीला करता है?"

जागृती गोंधळली. म्हणाली, "कोणी नाही करत. मैं तो सिर्फ ट्यून करती हूँ."

"कोई करता है, बेटा. रोज करता है. बड़े हिसाब से करता है, चारों एक जैसे."

चारों एक जैसे! मंडळी, चाळीस वर्षांनी कुणीतरी माझं काम ओळखलं होतं! माझी छाती भरून आली. मी हात वर केला. शाळेत चौथीपर्यंत एकदाही केला नव्हता इतका वर.

"मैं!" मी म्हणालो. "मैं करता हूँ. रोज. बिना नागा."

मन्सूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. जागृतीनं माझ्याकडं बघितलं.

"रोज?" ती म्हणाली.

"रोज म्हणजे रोज! मध्ये ताप आला होता ना मला, तेव्हासुद्धा उठून केलं. एक खाडा नाही. आणि हलक्या हातानं, अर्धा-अर्धा पीळ. तुला वाटलं असेल, बेस आपोआप सांभाळला जातो!"

आता हा माणूस तिला सांगणार, की बेटी, अशा आजोबांचे पाय धू, याची मी वाट बघत उभा होतो. हात अजून वरच होता.

मन्सूरभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चाचा, आप लूम्स में थे?"

"चाळीस वर्षं. मास्टर."

"हाँ," ते म्हणाले. "मेरा भाई भी था. वह घर में चारपाई की रस्सी भी ढीली करके गाँव जाता था."

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. लूम बंद ठेवायचा असेल, दिवाळीला खातं पंधरा दिवस बंद व्हायचं तेव्हा, तर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण सोडून ठेवायचा. ताणलेल्या तारा तशाच उभ्या ठेवल्या की त्या थकतात. मग लूम सुरू केला की कापडावर आडवी रेघ पडते. ताण न सोडता गावाला गेलेल्या कारीगराला मी दिवाळीनंतर खात्यात पाय ठेवू दिला नाही. हे माझ्या हाडात आहे. बेसची वाजवणी संपली, मशीन बंद झाली, ताण सोडला. दाराला कडी लावतो तसं. कडी लावली हे कुणी कुणाला सांगतं का? आणि पोर रोज आधी तारा पिळून घ्यायची, ते मी बघत होतो. मला वाटायचं, शाबास, कामाच्या सुरुवातीला ताण घेते, शिस्तीची आहे! उतरतो, उतरतो म्हणत होते ते ह्याबद्दलच, हे डोक्यात कसं येणार? मी आपला वीज शोधत होतो.

मन्सूरभाईंनी मला समजावलं, हळूहळू, हातानं दाखवत. या तारा एकदा चढवल्या की खेचून खेचून जागेवर बसतात, मग सूर धरतात. रोज उतरवल्या, रोज चढवल्या, तर त्या बसणार कधी? वाजवता वाजवता परत सैल होणारच. दांडाही तारांच्या ओढीवरच सरळ राहतो. एक दिवस सैल, एक दिवस ताठ, तो बिचारा काय करणार?

"चाचा, लूम के तार को छुट्टी में आराम है," मन्सूरभाई म्हणाले. "इसको ताण में ही आराम है."

मी हात खाली घेतला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती भिंतीवरच्या बासऱ्या फार बारकाईनं बघायला लागली.

मला वाटलं, आता पोर चिडणार. चिडायलाच पाहिजे होतं. तिची जागा माझ्यामुळं चालली होती! हितेशभाईची बोलणी, तालमीतला अपमान, सगळं माझ्या अर्ध्या-अर्ध्या पिळामुळं. कारीगरानं असं केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढला असता.

तिनं माझा वर केलेला तो हात हातात घेतला. "आप्पा, रोज? तापात पण?" एवढंच म्हणाली. आणि मग असं हसायला लागली की बासऱ्या बघणाऱ्यांनीही सोडून दिलं आणि तेही हसले. मन्सूरभाई हसले. मी नाही हसलो. मी मास्टर आहे.

मग मन्सूरभाईंनी तिला भिंतीवरचा एक भारी बेस काढून दिला. "हाथ लगा के देख ले, बेटा. मन में नहीं रहना चाहिए." तिनं वाजवला. मी त्याच्या लाकडावर तळहात ठेवला. खोटं बोलत नाही, चांगला घुमत होता. तिचा चेहराही मी बघितला.

"घे," मी म्हणालो. "चूक माझी आहे. घे."

तिनं थोडा वेळ तो मांडीवर ठेवला. मग परत दिला.

"आप्पा, हा चांगला आहे. पण आपला वाईट नव्हताच ना. त्याला तर नीट वाजायची संधीच नाही मिळाली."

मन्सूरभाईंनी मान डोलावली. नव्या तारा चढवल्या, दांडा सरळ केला, म्हणाले, "दोन वर्षं ह्याच्यावर हात बसव. मग ये. तेव्हा तुला काय पाहिजे ते तुलाच कळेल." माल विकायला बसलेला माणूस माल विकत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. त्यांना मी वाकून नमस्कार केला. उगाच नाही करत मी कुणाला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, सुटलो. कुठला! पोरीनं माझा हात सोडलाच नाही. दोन गल्ल्या ओलांडून थेट कानाच्या डॉक्टरकडं.

"मी सांगितलंय, मशीन अंगावर..."

"आप्पा," ती कानाशी येऊन म्हणाली, "माझा सूर महिनाभर कोणी उतरवला?"

यावर उत्तर असेल तर तुम्ही सांगा. काही दिवसांत मशीन कानात बसलं.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. हितेशभाईलाही म्हणाली, खुंटीचा प्रॉब्लेम होता, निघाला. माझी लाज तिनं राखली. हे मी विसरणार नाही. पण राखलेली लाज मला पचत नाही. माझ्या शब्दावर रमणभाईनं ऐन सिझनमध्ये मशीन बंद ठेवली होती, त्याचं खमण मी खाल्लं होतं. मी खाली गेलो आणि उभ्या-उभ्या सांगून टाकलं, "तुमच्या मशीनचा दोष नव्हता. माझा होता." आणि काय झालं ते सगळं सांगितलं. रमणभाई एवढा हसला की त्याच्या बाराही सुया थांबल्या.

मग काय राहतंय? तासाभरात गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी गोडादऱ्याला.

नवरात्राची पहिली माळ. संध्याकाळी आरती झाली, मैदान भरलं. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर, कानात मशीन. लाल बेस जागृतीच्या खांद्यावर. गरबा सुरू झाला आणि थांबलाच नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मी कान देऊन होतो, पण खरं म्हणजे पाय देऊन होतो. जमिनीतून येत होता तो. दम्म, दम्म, दम्म. तसूभर हलला नाही. हजार माणसांचे पाय त्याच्यावर पडत होते. मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. मन्सूरभाईंचे, रमणभाईचे, कॅनडाला गेलेल्या त्या अनोळखी पोराचेसुद्धा.

मध्ये विश्रांती झाली. हितेशभाईनं माइक घेतला. "आजचा बेस कसा वाटला?" टाळ्या. "बेस वाजवणारी आपली जागृती! आणि एक खास आभार, समोर बसलेल्या मास्टरांचे, ज्यांनी नऊ दिवस बेसला हात न लावायचं कबूल केलं आहे!"

सगळं मैदान माझ्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागलं.

मशीन नसतं तर मी हे कौतुक समजलो असतो आणि उठून नमस्कार केला असता. मशीन होतं. शब्द न शब्द ऐकू आला.

तरीही उठून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेस खाटेजवळ उभा होता. जागृती आत चहा करत होती. मी कापड घेतलं, बेस पुसला, धूळ उडवली, आणि देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही, माझी बोटं आपोआप पहिल्या खुंटीवर गेली.

"आप्पा."

ओरडून नाही. कानाशी येऊनही नाही. आतून, चहा गाळता गाळता, हळू आवाजात. कित्येक वर्षांत या घरात मला कुणी असं हळू हाक मारली नव्हती. इतकं गोड वाटलं की काय सांगू!

मी बोटं काढून घेतली. काढावीच लागली. पूर्वी निदान ऐकू आलं नाही असं म्हणता यायचं. आता तीही सोय राहिली नाही.